साठीनंतर स्की निवडताना

ऑस्ट्रियातील इन्सब्रुक असो वा अमेरिकेतील डेन्व्हर, हिवाळ्याच्या तोंडावर तेथील स्कीच्या मोठ्या दुकानात शिरणाऱ्या गिऱ्हाइकासमोर एक आख्खी भिंत उभी असते. भिंतीवर जोड्यांमागून जोड्या ओळीने टेकलेल्या असतात. रंग भडक, नावे त्याहून भडक. एका जोडीवर आठशे डॉलरची चिठ्ठी, तर शेजारच्या जोडीवर चौदाशेची. लांबी सारखी, आकार जवळजवळ सारखा, आणि काउंटरमागील तरुण दोहोंचीही स्तुती सारख्याच उत्साहाने करतो. कापड, भुसार वा सराफीच्या पेढीवर वाढलेल्या माणसाच्या मनात अशा वेळी एकच प्रश्न उभा राहतो : जवळजवळ दुप्पट दामात नेमके अधिक काय मिळते, आणि ते अधिक आपल्या उपयोगाचे आहे काय?

हा प्रश्न साठी ओलांडलेल्या, पण स्कीइंगमध्ये मुरलेल्या माणसासाठी विशेष नाजूक होतो. नवशिक्याने मऊ, हलकी, स्वस्त जोडी भाड्याने घ्यावी, इतके सांगितले की त्याचे काम भागते. पंचविशीतील तरबेज स्कीपटूला कोणतीही ताठ व जड स्की पेलते, तिची चूक त्याच्या मांड्या निभावून नेतात. साठीतल्या तरबेज माणसाची स्थिती या दोघांहून निराळी असते. कौशल्य शाबूत असते, किंबहुना ते अधिक संयमी झालेले असते; परंतु दुपारी दोननंतर मांड्या भरून येतात, सपाट प्रकाशात उंचसखलपणा नीट दिसत नाही, आणि पडल्यावर सावरण्यास आठवड्यांऐवजी महिने लागतात. त्याला हवी असणारी स्की त्याच्या कौशल्याला कमी पडता कामा नये आणि त्याच्या शक्तीवर कर्जही चढवता कामा नये.

आपल्या वाचकांना हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. तथापि १९७०-८० च्या दशकांत शिक्षण वा नोकरीनिमित्त अमेरिका, कॅनडा, स्वित्झर्लंड येथे गेलेली मराठी पिढी आज साठी-सत्तरीत आहे. मुलांना शिकवणीला सोडता सोडता त्यांच्यापैकी काहींनी स्वतःच्या पायांत स्की बांधल्या आणि तो छंद कायमचा जडला. आता नातवंडांबरोबर आणखी दहा-पंधरा हिवाळे मिळावेत, एवढीच त्यांची इच्छा असते. ही इच्छा अवास्तव नाही. साल्झबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी साठी ओलांडलेल्या स्त्री-पुरुषांना मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली बारा आठवडे स्कीइंग करावयास लावले होते. त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पायांची ताकद आणि श्रम सोसण्याची क्षमता या दोहोंत वाढ झाल्याचे त्यांत दिसून आले. अमेरिकेतील युटा राज्याचे ज्युनिअर बाउनस यांनी तर २०२१ मध्ये, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, हेलिकॉप्टरने शिखरावर उतरून स्कीइंग केले आणि त्याची विश्वविक्रमात नोंद झाली. अर्थात बाउनस हे आयुष्यभर स्कीइंगचे शिक्षक होते. त्यांचे उदाहरण हुरूप येण्यापुरते घ्यावे, मापासाठी नव्हे.

मापाच्या बाबतीत या पिढीची पहिली अडचण तिच्या तरुणपणात दडलेली आहे. त्या काळी पुरुषाची स्की दोन मीटर वा त्याहून लांब असे आणि दोनशेपाच सेंटिमीटरची जोडी खांद्यावर टाकून चालणे हे प्रावीण्याचे चिन्ह समजले जाई. स्की सरळसोट असल्याने वळविण्यास कष्ट पडत. पुढे १९९० च्या दशकाच्या प्रारंभी स्लोव्हेनियातील एलान या कारखान्याने मध्यभागी बारीक व दोन्ही टोकांना रुंद अशी स्की बाजारात आणली. अशी स्की कडेवर कलली की तिच्या बाजूचा गोलावा हिमात रुततो आणि ती आपसूक वळते. दहा वर्षांच्या आत जुनी सरळ स्की जवळजवळ नाहीशी झाली. नव्या स्कीची कड वळणात संपूर्ण लांबीने काम करते, त्यामुळे तितकीच पकड मिळविण्यास पूर्वीइतकी लांबी लागत नाही. पाच फूट नऊ इंच उंचीच्या साठीतल्या पुरुषाला आज १७० ते १७७ सेंटिमीटरची जोडी पुरेशी होते. तरीही कित्येकजण दुकानात शिरताच १८५ ची मागणी करतात. दोनशेपाचवरून आपण किती खाली आलो, असे त्यांना वाटत असते. लांबीचा हा अभिमान जुन्या मालाच्या मापाने नवा माल मोजण्यासारखा आहे.

सोपी स्की म्हणजे कमी प्रतीची स्की, हा समज त्याहूनही जुना आहे. हॉवर्ड हेड हे अमेरिकेतील एका विमान कारखान्यातील अभियंते होते. लाकडी स्कीवर आपल्याला वळता येत नाही, याचा दोष त्यांनी स्वतःला न देता स्कीला दिला आणि विमानबांधणीच्या तंत्राने ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये लाकूड दाबून नवी स्की बनविली. आरंभीच्या जोड्या एकामागून एक मोडल्या. १९५० च्या सुमारास टिकाऊ नमुना हाती आला, तेव्हा ती इतकी सहज वळे की लोक तिला लबाडांची स्की म्हणू लागले. याच हेड यांनी पुढे टेनिसची मोठ्या डोक्याची रॅकेट आणली आणि तिच्याबाबतही तोच आक्षेप घेतला गेला. आज त्या दोन्ही वस्तू खेळाचा सर्वसामान्य भाग झाल्या आहेत.

आता 'ऑल-माउंटन' या शब्दाकडे वळू. यंत्राने सपाट केलेला घट्ट उतार, दुपारपर्यंत तुडवला जाऊन ढेकळे झालेले हिम, उंचवट्यांची रांग आणि रात्री पडलेले ताजे हिम या सर्वांवर चालेल, अशी ही एक जोडी असते. सर्व ऋतूंत घालावयाचा एकच अंगरखा शिवावा, तशातला हा प्रकार; कुठे ना कुठे तडजोड असतेच. ही तडजोड कोणत्या बाजूला झुकली आहे, हे प्रामुख्याने एका आकड्यावरून कळते. तो आकडा म्हणजे बुटाखालच्या भागाची, अर्थात कमरेची, रुंदी. ऑल-माउंटन वर्गात ती साधारण ८० पासून १०० मिलिमीटरपर्यंत असते. स्कीवर हा आकडा छापलेलाच असतो, पुष्कळदा नावातच असतो.

रुंदीमागील कारण समजून घेतले तर विक्रेत्याचे अर्धे भाषण अनावश्यक होते. रुंद स्की मऊ हिमात बुडत नाही, ही तिची जमेची बाजू. खर्चाची बाजू घट्ट उतारावर दिसते. तेथे स्की कडेवर उभी राहते आणि हिमाचा सारा रेटा त्या पोलादी कडेवर येतो. पाऊल मात्र स्कीच्या मध्यावर असते. कड आणि मध्य यांतील अंतर म्हणजे तरफच होय. ८० मिलिमीटरच्या स्कीत हे अंतर ४० मिलिमीटर, तर १०० मिलिमीटरच्या स्कीत ५० मिलिमीटर, म्हणजे सव्वापट. हिम त्या तरफेने स्कीला सपाट करू पाहते आणि तिला कडेवर धरून ठेवण्याचे काम घोटा व गुडघा करतात. शिवाय एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाण्यास रुंद स्कीला वेळही अधिक लागतो. दिवसातून शेकडो वळणे घेणाऱ्या पासष्टीच्या गुडघ्याला हे दहा मिलिमीटर फुकट पडत नाहीत.

म्हणून रुंदी ठरविताना स्वप्नातील हिम डोळ्यांपुढे न आणता प्रत्यक्ष ज्या डोंगरावर दिवस जातात, तेथील हिम पाहावे. आल्प्स पर्वतात बहुतेक स्कीइंग सपाट केलेल्या उतारांवर होते आणि सकाळी ते उतार कडक असतात. अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर येथे तर बर्फाचा चकाकता थर ही नित्याची गोष्ट आहे. या दोन्ही ठिकाणी ७८ ते ८८ मिलिमीटरच्या पलीकडे जाण्याचे कारण क्वचितच पडते. कोलोरॅडो, युटा किंवा ब्रिटिश कोलंबिया येथे ताज्या हिमाचे दिवस अधिक, तेथे ८८ ते ९६ योग्य. शंभराच्या पुढील जोडी विकत घेऊ नये. वर्षातून जे दोन-तीन दिवस गुडघाभर हिम पडेल, त्या दिवशी ती भाड्याने घ्यावी. गुलमर्गबद्दलही तेच म्हणता येईल. तेथील गोंडोला अफरवटच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३,९०० मीटरच्या पुढे नेते, आणि वरच्या भागातील हिम खोल, भुसभुशीत व यंत्राने न दाबलेले असते. त्यासाठी रुंद स्की हवी, हिमस्खलनाची माहिती असलेला वाटाड्या त्याहून अधिक हवा. पण आठवडाभराच्या गुलमर्गसाठी घेतलेली रुंद जोडी पुढची दहा वर्षे झुरिचच्या आसपासच्या कडक उतारांवर वापरणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

रुंदीनंतर गाभा. दुप्पट दामाचे उत्तर बव्हंशी येथे आहे, म्हणून थोडे थांबून पाहणे इष्ट.

चांगल्या स्कीचा गाभा लाकडाचा असतो. पॉप्लर, बीच, ॲश अशा लाकडांच्या उभ्या पट्ट्या चिकटवून तो बनवितात. वजन कमी करावयाचे असल्यास पॉलोनिया वा बाल्सा घालतात. त्यावर काचतंतूंचे आणि कधी कार्बनतंतूंचे थर येतात. महागड्या व ताठ स्कीत गाभ्याच्या वर आणि खाली धातूचा पातळ पत्रा असतो. या पत्र्याला 'टायटनाल' म्हणतात. दुकानदार बिनदिक्कत 'टायटेनियम' म्हणून मोकळे होतात. नावात टायटेनियमचा भास आहे, परंतु माल ॲल्युमिनियमचा आहे : जस्त, मॅग्नेशियम व तांबे मिसळलेली ही एक बळकट मिश्रधातू असून, ते ऑस्ट्रियातील एका ॲल्युमिनियम कंपनीचे व्यापारी नाव आहे. सराफकट्ट्यावर असे नामसादृश्य खपवून घेतले गेले नसते. माल मात्र खोटा नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीचा हा पत्रा स्कीला पिळवटू देत नाही, त्यामुळे कडक उतारावर कड टोकापासून शेपटापर्यंत धरून राहते. दुसरे काम त्याहून मोलाचे. वेगात असताना खरबरीत हिमावरून जी थरथर पायांत चढते, ती हा पत्रा आणि त्याखालील रबराचे पातळ थर गिळून टाकतात.

ही थरथर न चढणे, हाच प्रौढ स्कीपटूच्या दृष्टीने महाग स्कीचा खरा गुण होय. तरुणाला तिचा उपयोग वेगासाठी होतो. पासष्टीतला माणूस तितक्या वेगाने जातच नाही. त्याला तिचा उपयोग असा की संध्याकाळी गुडघे व कंबर कमी बोलतात. स्की शांत असली की माणूस अंग आखडून धरत नाही, आणि अंग न आखडणे म्हणजेच दमणूक वाचविणे. स्वित्झर्लंडमधील माल्टर्स येथे बनणाऱ्या स्टॉकली या स्की आणि ऑस्ट्रियातील होहेनेम्स येथे १९२४ साली आरंभ झालेली केस्ले या घराण्यांची कीर्ती मुख्यतः याच शांतपणावर उभी आहे. केस्लेच्या कित्येक नमुन्यांच्या टोकाला एक पोकळ खाच दिसते. ती शोभेसाठी नसून टोकाचे वजन व फडफड कमी करण्यासाठी आहे.

या शांतपणाची किंमत वजनात चुकवावी लागते. दोन पूर्ण पत्रे असलेली ऑल-माउंटन स्की दर नगास दोन किलोग्रॅमच्या आसपास भरते. पत्र्याविना, कार्बन वापरून केलेली सोळाशे-अठराशे ग्रॅमपर्यंत खाली येते. उतारावर धावताना जड स्की सुखाची वाटते. उंचवट्यांत पाय भराभर फिरवताना, अरुंद जागी आडवे चढताना आणि गाडीतळापासून लिफ्टपर्यंत खांद्यावरून नेताना तीच स्की वय आठवून देते. हलक्या बाजूला हेडची कोर आणि एलानची रिपस्टिक या मालिका आहेत. रिपस्टिकची तर डावी व उजवी स्की वेगळी असते, आतली कड पकडीसाठी आणि बाहेरची कड सहज सुटण्यासाठी निराळी घडविलेली. हलक्या स्की मऊ हिमात आनंद देतात. कडक, खडबडीत हिमावर मात्र बोलक्या होतात.

मधला मार्ग अलीकडे अनेक कारखान्यांनी काढला आहे. पूर्ण पत्रा न घालता तो पावलाखाली व कडांलगत ठेवायचा आणि इतरत्र कापून टाकायचा. जर्मनीतील स्ट्राउबिंगच्या फोल्कलने आपल्या मँट्रा व केंडो या स्कीत पत्र्याची अशी चौकटच केली आहे. अमेरिकेच्या के-टूने पत्रा इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात कापला. पकड बरीचशी राहते, टोके हलकी होतात, चूक माफ होते. साठ ते सत्तर किलोग्रॅम वजनाच्या माणसाला दोन पूर्ण पत्र्यांची ताठ स्की वाकवणेच जड जाते, आणि न वाकलेली स्की वळत नाही, ती नुसती घसरते. अशा अंगकाठीच्या व्यक्तीने हा मधला मार्गच धरावा. ऐंशी-नव्वद किलोग्रॅमच्या, अजूनही जोमाने उतरणाऱ्या माणसाने पूर्ण पत्र्याची घेण्यास हरकत नाही. येथे वयापेक्षा वजन अधिक बोलते, हे पुष्कळदा विसरले जाते.

स्त्रियांसाठीच्या स्कीबद्दलही दोन शब्द आवश्यक आहेत. त्या केवळ रंग बदललेल्या पुरुषी स्की असतात, हा आक्षेप एके काळी खरा होता. आता ब्लिझार्डची ब्लॅक पर्ल किंवा नॉर्डिकाची सांता ॲना यांसारख्या मालिकांत लांबी कमी आणि बांधणी हलकी ठेवलेली असते. उलट, कमी वजनाच्या पुरुषालाही त्या उत्तम चालतात. दुकानात मागण्याचा संकोच तेवढा सोडावा लागतो.

स्कीची कमान हा पुढचा मुद्दा. जमिनीवर ठेवलेली जुनी स्की मध्यभागी उचललेली दिसे. वजन पडले की ती सपाट होऊन कडेवर दाब देई. आजच्या ऑल-माउंटन स्कीत मध्यभागी ही कमान राखून टोक लवकर वर उचललेले असते, म्हणजे ती तुडवलेल्या हिमात अडकत नाही आणि वळण सहज सुरू होते. येथवर मतभेद नाही. शेपटाकडे मात्र बारकाईने पाहावे. काही स्कींचे शेपूट सपाट व ताठ असते, ते वळणाच्या अखेरीस जोराने पुढे रेटते. थोडेसे उचललेले शेपूट हवे तेव्हा सुटते.

शेपटाचा हा प्रश्न गुडघ्याशी थेट जोडलेला आहे. व्हरमाँटमधील कार्ल एटलिंगर, रॉबर्ट जॉन्सन आणि जॅस्पर शिली या संशोधकांनी स्कीइंगमधील गुडघ्याच्या गंभीर दुखापतींचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि १९९५ मध्ये त्याची मांडणी केली. तोल मागे जातो, नितंब गुडघ्यांच्या खाली येतात, वरचा हात मागे फेकला जातो, आणि सारे वजन उताराकडील स्कीच्या शेपटाच्या आतल्या कडेवर येते. माणसाच्या पावलाला टाचेमागे काही नसते. स्कीला मात्र तेथे हातभर लांब शेपूट असते. ते हिमात रुतून वळते आणि त्याबरोबर गुडघा पिळवटतो. नेहमीचे बाइंडिंग अशा वेळी सुटेलच असे नाही. संशोधकांनी या अवस्थेला 'भुताचे पाऊल' या अर्थाचे नाव दिले. तिची ओळख करून दिल्यावर स्की केंद्रांवरील प्रशिक्षित कर्मचाऱ्यांमध्ये अशा दुखापती लक्षणीय घटल्या. पडल्यावर पूर्ण थांबेपर्यंत उठू नये, हा त्यांच्या सूचनांपैकी एक भाग. तोल मागे जातो तो बहुधा दमल्यावर. म्हणून दुपारच्या शेवटच्या फेरीत जी स्की टाचेवर बसलेल्या माणसाला ओढत नेत नाही, ती निवडावी. लांब, ताठ शेपटाची शर्यतीची स्की सकाळी नऊला कितीही देखणी चालली तरी तिची परीक्षा साडेतीनला घ्यावी.

परीक्षा घेणे शक्य आहे, ही या बाजाराची चांगली बाजू. मोठ्या स्की केंद्रांतील दुकाने उंची नमुने दिवसाच्या भाड्याने देतात, कित्येकदा एकाच दिवसात दोन-तीन जोड्या बदलू देतात आणि पुढे खरेदी केल्यास भाडे किमतीतून वजा करतात. कारखान्यांचे तंबूही हंगामात लागतात. एकच उतार, तोच वेग, अर्ध्या तासाच्या अंतराने दोन जोड्या. असे केल्याने जे कळते ते कोणत्याही तारांकित परीक्षणातून कळत नाही. एक सावधगिरी घ्यावी : कडा बोथट झालेली भाड्याची स्की चांगल्या मालालाही वाईट ठरवते, तेव्हा आधी नखाने कड तपासावी.

आता वहीखाते. समजा, उंची जोडी चौदाशे डॉलरची, बाइंडिंग तीनशेचे, एकूण सतराशे. वर्षाला पंधरा दिवस याप्रमाणे सहा वर्षे वापरली तर नव्वद दिवस होतात, आणि घसारा दिवसाला सुमारे एकोणीस डॉलर पडतो. आठशेची मध्यम जोडी धरल्यास एकूण अकराशे, दिवसाला बारा डॉलर. म्हणजे 'दुप्पट' वाटणारा फरक प्रत्यक्षात दिवसाला सात डॉलरचा आहे. डोंगरावरील उपाहारगृहात तेवढ्यात सुपाची वाटीही मिळेल की नाही, शंकाच आहे. नियमित जाणाऱ्याने त्या सात डॉलरसाठी गुडघ्याची शांतता नाकारू नये. परंतु वर्षाला पाचच दिवस जाणाऱ्याचे सहा वर्षांत तीसच दिवस भरतात. त्याला दिवसाला सत्तावन्न डॉलर पडतात, शिवाय विमानाचे सामानभाडे व देखभाल वेगळी. उंची जोडीचे भाडे साठ-सत्तर डॉलर असेल तर त्याने विकत घेण्याचा विचार सोडावा आणि दरवर्षी त्या आठवड्याच्या हिमाला साजेशी जोडी भाड्याने घ्यावी. मार्च-एप्रिलमध्ये चालू हंगामाचा माल बऱ्याच सवलतीत निघतो. पुढच्या वर्षी पुष्कळदा केवळ वरचे चित्र बदललेले असते.

हिशेबात आणखी एक रक्कम आधी बाजूला काढावी लागते, ती बुटांची. पाऊल आणि स्की यांमध्ये बूट आहे; तो सैल असेल तर स्टॉकलीची कडही कानावर आलेला निरोप ऐकत नाही. एकंदर पैसा मर्यादित असेल तर मध्यम स्की व पायाला घोटून बसवलेला बूट ही जोडगोळी महाग स्की व जुन्या बुटापेक्षा सरस. प्लॅस्टिक वर्षांनुवर्षांत ठिसूळ होते आणि तळवा झिजला की तो बाइंडिंगमध्ये नीट बसत नाही. तळव्याचेही आता दोन प्रकार झाले आहेत : जुना सपाट, आणि चालण्यास सोपा असा किंचित गोलाकार 'ग्रिपवॉक'. आपला बूट आणि घेतले जाणारे बाइंडिंग एकमेकांस चालतात काय, हे दुकानातच विचारून घ्यावे. जुनी बाइंडिंगे नव्या स्कीवर चढविण्याची काटकसर तर मुळीच करू नये. उत्पादक ठराविक वर्षांनंतर जुन्या नमुन्यांची जबाबदारी सोडून देतात आणि अमेरिकेतील दुकाने मग त्यांना हात लावत नाहीत.

शेवटी गिऱ्हाइकापुढे एक कागद येतो. पाच मिनिटांत भरून होणारा हा कागद चौदाशे डॉलरच्या स्कीहून अधिक महत्त्वाचा आहे. पडल्यावर बाइंडिंग किती जोराने सुटावे, याचा आकडा त्यावरून ठरतो. त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ११०८८. त्यात वजन, उंची, बुटाच्या तळव्याची लांबी, वय आणि स्कीपटूचा प्रकार अशा पाच गोष्टी विचारतात. वजन आणि उंची यांनी वेगवेगळा आकडा सुचविला तर कमी आकडा घेतात. वय पन्नास वा अधिक असल्यास तक्त्यात एक पायरी खाली उतरतात, म्हणजे बाइंडिंग लवकर सुटते. पहिला प्रकार सावध, दुसरा मध्यम, तिसरा वेगवान व आक्रमक. हा प्रकार ज्याचा त्याने स्वतः निवडावयाचा असतो, दुकानदार निवडू शकत नाही.

तरबेज माणसाचे बोट सवयीने तिसऱ्या प्रकारावर जाते. चाळीस वर्षे तोच प्रकार लिहिलेला असतो. तिसरा प्रकार लिहिला की तक्ता दोन पायऱ्या वर चढतो आणि वयाने मिळवून दिलेली एक पायरी त्यात बुडून जाते. प्रकार म्हणजे कौशल्याचे प्रमाणपत्र नव्हे. कोणत्या वेगाने, कोणत्या उतारावर आणि किती जोराने आज उतरणार, एवढेच त्यात विचारलेले असते. जो पासष्टीत संथ, गोल, देखणी वळणे घेत नातवाच्या मागून उतरतो, त्याने दुसरा प्रकार लिहावा. बाइंडिंग घेतानाही त्याचा ठरलेला आकडा स्प्रिंगच्या मर्यादांच्या मधोमध पडेल असेच घ्यावे. सोळापर्यंत चढणारे शर्यतीचे बाइंडिंग त्याच्या कामाचे नाही. वजन मागच्या वर्षीचे आठवून न सांगता त्या दिवशी काट्यावर पाहून सांगावे. आकडा बसविल्यावर दुकानाच्या यंत्रावर तो तपासून मागावा, आणि दर हंगामाच्या आरंभी, कडा घासून घ्यावयास जोडी दुकानात जाईल तेव्हा, तीच तपासणी पुन्हा करून घ्यावी.